ग्रुप शोधताना आधी वेळ बघा, पत्ता नंतर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादा ४३ वर्षांचे, हिंगणा एमआयडीसीत कामाला, घर पारडीकडे. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून घरी आले त्याला ११ दिवस झाले. निघताना डॉक्टरांनी सांगितलं, "एखाद्या ग्रुपला जात राहा," म्हणजे दारू सोडलेली माणसं एकत्र बसून बोलतात अशा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या (एए) ग्रुपला. तुम्ही मोबाइलवरच्या नकाशात पत्ता शोधून दादांना घेऊन गेलात, तर दाराला कुलूप. आता दादा म्हणतात, "जाऊ दे, माझं मी बघतो." वहिनी घाबरलेल्या आहेत. आणि तुम्ही विचारताय, नागपुरात सगळ्यात चांगला ग्रुप कोणता?

"सगळ्यात चांगला" हे आधी बाजूला ठेवू या, कारण पहिल्या तीन महिन्यांत ग्रुप चांगला की वाईट यापेक्षा तो कुठे आणि किती वाजता भरतो याला जास्त किंमत असते. दारूची तलफ दिवसभर सारखी नसते. वर्षानुवर्षं ज्या वेळी, ज्या वाटेवर, ज्या माणसांबरोबर प्यायची सवय लागली, त्या वेळी ती उसळते आणि साधारण अर्ध्या तासात ओसरायला लागते. त्या वेळात माणूस दुसऱ्या एखाद्या खोलीत, दुसऱ्या माणसांमध्ये बसलेला असेल, तर ती वेळ निघून जाते. म्हणून खरा प्रश्न असा आहे: दादा ज्या वेळी प्यायला बसायचे, त्या वेळी आता ते कुठे बसणार?

याचं उत्तर तुम्ही देऊ नका. कागद आणि पेन दादांच्या हातात द्या आणि तीनच गोष्टी लिहायला सांगा: पहिला पेग किती वाजता व्हायचा, कुठे व्हायचा, आणि ड्यूटी सुटल्यापासून तिथपर्यंत जायची वाट कोणती होती. पगाराचा दिवस आणि साप्ताहिक सुट्टी वेगळी लिहायची, कारण त्या दिवशीचं वेळापत्रक निराळं असतं. हा कागद हाती आला की कुठला ग्रुप हे निम्मं ठरलं.

पाळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंच काही त्यावरच अवलंबून आहे. जनरल शिफ्ट असेल आणि ५-५:३० ला सुटका होत असेल, तर कठीण वेळ म्हणजे तिथून रात्री ९ पर्यंतचे साडेतीन-चार तास. संध्याकाळच्या मीटिंगा साधारण याच वेळात असतात, म्हणजे जुळण्यासारखं आहे. हिंगणा रोडवर लोकमान्य नगर स्टेशन आहे. तिथून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन धरमपेठ, शंकरनगर, सीताबर्डी, रेल्वे स्टेशन करत प्रजापती नगरला, म्हणजे तुमच्या पारडीच्या बाजूलाच येते. या लाइनवरच्या कुठल्याही स्टेशनपासून चालत जाता येईल असा ग्रुप दादांसाठी आधी बघा, भले दुसरा ग्रुप जास्त नावाजलेला असो. मेट्रो सुचवण्याचं आणखी एक कारण आहे. मोटरसायकल रोजच्या वाटेने गेली की ती रोजच्या दुकानापाशी मंदावते, आणि तिथे उभे असलेले जुने सोबती हाक मारतात. मेट्रो वरून जाते. पहिले तीन महिने गाडी घरी राहिली तर बरं.

पहिली पाळी असेल तर दुपारी ३ नंतरचा मोकळा वेळ हा सगळ्यात फसवा. घरी कोणी नसतं, आणि संध्याकाळची मीटिंग अजून चार तास लांब असते. तेव्हा घरी येऊन जेवणं, झोपणं, आणि मग मीटिंगला निघणं असा क्रम लावावा लागतो. दुसऱ्या पाळीवाल्यांना संध्याकाळ मिळतच नाही. त्यांनी साप्ताहिक सुट्टी, रविवार सकाळच्या मीटिंगा आणि मोबाइलवरच्या ऑनलाइन मीटिंगा यांची सांगड घालायची. आणि पाळी फिरती असेल तर एका ग्रुपवर विसंबून चालणार नाही, दोन-तीन ग्रुपांचे दिवस-वेळा खिशात लागतील.

आता कुलपाबद्दल. त्याने तुम्ही खचू नका, कारण कुलूप म्हणजे ग्रुप बंद पडला असं नसतं. हे ग्रुप सहसा स्वतःच्या जागेत भरत नाहीत. शाळेची खोली, चर्चचा हॉल, समाजभवन अशी जागा ठरलेल्या वारी एक-दीड तासापुरती मिळालेली असते. इतर वेळी तिथे गेलात तर कुलूपच दिसणार. परीक्षा, निवडणूक, सण आला की खोली मिळत नाही आणि मीटिंग दुसरीकडे हलते. त्यात ग्रुपच्या नावातच निनावीपणा (अ‍ॅनॉनिमस म्हणजे निनावी) असल्यामुळे बाहेर मोठी पाटी नसते. नकाशावरची खूण कोणी कधी टाकली आणि त्यानंतर जागा बदलली का, हे कोणी तपासत नाही. म्हणून नियम एकच: फोन केल्याशिवाय निघायचं नाही, आणि फोनसुद्धा त्याच दिवशी करायचा.

फोन कुठे करायचा? पहिली चौकशी दादा ज्या केंद्रातून आले तिथेच करा. बहुतेक केंद्रांचे फॉलो-अपचे ग्रुप असतात, आणि तिथल्या समुपदेशकाला शहरातल्या चालू मीटिंगा आणि त्या चालवणारी माणसं ठाऊक असतात. दुसरी वाट थेट अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, ज्याला सगळे एए म्हणतात. त्यांच्या भारतातल्या संकेतस्थळावरून आणि हेल्पलाइनवरून शहराप्रमाणे चौकशी करता येते. तिसरी वाट सरकारी रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागाची: मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय. तिथे डॉक्टरांना गर्दीत गाठण्यापेक्षा विभागातल्या समाजसेवकांना भेटा, ही माहिती त्यांच्याकडे जास्त ताजी असते. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे, आणि १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा. टेलि-मानसवर मराठीत बोलता येतं. मीटिंग कुठल्या गल्लीत आहे हे त्यांना सांगता येईलच असं नाही, पण रात्री कोणाशी तरी बोलायचं असेल तेव्हा हा नंबर कामाचा.

फोनवर काय विचारायचं तेही सांगतो, नाहीतर "हो, आहे मीटिंग, या" एवढ्यावर फोन ठेवला जातो आणि पुन्हा कुलूप. कोणता वार, किती ते किती. कोणतं गेट, कितवा मजला. बोलणं मराठीत चालतं की हिंदीत (नागपुरात दोन्ही मिसळूनच चालतं, दादांना त्याची अडचण येऊ नये). मीटिंग क्लोज्ड आहे की ओपन. क्लोज्ड म्हणजे ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठीच, ओपनला घरची माणसंही बसू शकतात. आणि शेवटचा, सगळ्यात कामाचा प्रश्न: "दहा मिनिटं आधी गेटवर कोणी भेटेल का?" कारण नव्या माणसाचे पाय हॉलच्या आत नव्हे, गेटवर अडखळतात.

माहिती तुम्ही गोळा करा, पण हा शेवटचा फोन दादांनी करायचा. तुम्ही केलात तर पलीकडचा माणूस बहुधा हेच म्हणेल, "त्यांनाच द्या ना फोन." ते टाळत नसतात. ही रीत एएच्या जन्मापासूनची आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल डब्ल्यू. नावाचा, नुकतीच दारू सोडलेला माणूस पुन्हा पिण्याच्या काठावर आला होता. स्वतःला सावरायला त्याने दुसरा पिणारा माणूस शोधला. तो गावातला एक सर्जन होता. त्यांच्या बोलण्यातून दोघंही सावरले, आणि त्या सर्जनने शेवटचा घोट घेतला तो १० जूनचा दिवस एएचा स्थापनादिन धरला जातो. तेव्हापासून मेख हीच आहे की मदत करणाऱ्यालाही त्या मदतीची गरज असते. दादांना वाटेल आपण कोणा अनोळखी माणसाला त्रास देतोय. त्यांना सांगा, तो माणूस गेटवर येतो तेव्हा स्वतःचीही एक संध्याकाळ सांभाळत असतो.

आत काय होतं, हे आधी माहीत असलं की भीती बरीच कमी होते. खुर्च्या मांडलेल्या असतात. एक जण मीटिंग चालवतो. सुरुवातीला छोटी प्रार्थना, बारा पायऱ्यांचं (दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा टप्प्यांचं) वाचन, मग एकेक जण तीन-पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी टोकत नाही, उलट प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही. दादांची पाळी आली तर पहिलं नाव सांगून "आज मी फक्त ऐकतो" एवढं म्हटलं तरी चालतं. पूर्ण नाव, पत्ता, कंपनी कोणी विचारत नाही. फी नाही. मध्ये एक थैली फिरते, तिच्यात सभासद यथाशक्ती पैसे टाकतात आणि त्यातून चहा आणि जागेचा खर्च निघतो. नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी कोणी बघत नाही. सभासद व्हायला एकच अट: दारू थांबवायची इच्छा.

"ओळखीचं कोणी भेटलं तर?" ही दादांची शंका खरी आहे. नागपूर मोठं असलं तरी एमआयडीसीतली माणसं एकमेकांना ओळखतात. तिच्यावर दोन उत्तरं आहेत आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते. घर आणि कारखाना या दोन्हींपासून लांबचा ग्रुप निवडला तर लाज कमी वाटते, पण थकलेल्या दिवशी तेच अंतर न जाण्याचं कारण होतं. जवळचा निवडला तर जाणं सोपं, पण पहिले चार-पाच वेळा छाती धडधडते. माझं मत वाटेवरच्या ग्रुपच्या बाजूचं आहे. क्लोज्ड मीटिंगमध्ये जो ओळखीचा दिसेल तोही त्याच खुर्चीवर त्याच कारणासाठी बसलेला असेल, आणि तिथे दिसलेला चेहरा आणि ऐकलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही हा तिथला पहिला शिरस्ता आहे.

देवाच्या उल्लेखावरूनही नागपुरात काही जण पहिल्याच दिवशी उठून जातात, विशेषतः बौद्ध कुटुंबांतले. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा शब्द येतो, पण "ज्याला जसा उमगला तसा" या मोकळीकीसह. कितीतरी जण ग्रुपलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात आणि पुढे जातात. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत "मी दारू पिणार नाही" ही प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातलं पाचवं शीलही तेच सांगतं. घरात ही परंपरा असेल तर दादांनी मीटिंगमध्ये त्या शब्दांत बोलावं, कोणी अडवणार नाही. तुमच्या घरी तसं नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

ग्रुप पटला की नाही हे पहिल्या मीटिंगवरून ठरवू नका. एखाद्या दिवशी चारच माणसं असतात, एखाद्या दिवशी एकच जण लांबण लावतो. किमान तीन वेगवेगळ्या ग्रुपांत मिळून सहा मीटिंगा होऊ द्या, मग दादांनी एक आपला ग्रुप ठरवावा. एएमध्ये नव्या माणसाला ९० दिवसांत ९० मीटिंगा असं सांगतात. पाळीत काम करणाऱ्याला ते जमलं नाही तर तो आकडाच ओझं होतो आणि चुकलेल्या तिसऱ्या दिवशी सगळंच सुटतं. आठवड्याला तीन-चार समोरासमोरच्या, उरलेल्या दिवशी ऑनलाइन किंवा निदान एका सभासदाला फोन, एवढं तीन महिने झालं तर पाया भक्कम होतो. फक्त ऑनलाइनवर मात्र राहू नका. स्क्रीन बंद करून दुकानापर्यंत जाता येतं, खोलीतून उठून जाताना चार माणसं बघतात.

दुसऱ्या-तिसऱ्या मीटिंगपर्यंत दादांकडे चार-पाच जणांचे नंबर हवेत. ते मोबाइलमध्ये असू देत आणि कागदावर लिहून पाकिटातही, कारण तलफ आणि संपलेली बॅटरी बऱ्याचदा एकत्र येतात. काही अडचण नसताना या नंबरांवर दोन मिनिटं बोलायची सवय लावायची. ज्याने साध्या दिवशी कधी फोन केला नाही तो कठीण दिवशीही करत नाही. पुढे यातूनच एक जण स्पॉन्सर, म्हणजे नव्याला वाट दाखवणारा जुना सभासद, म्हणून निवडायचा: पुरुषासाठी पुरुष, निदान वर्षभर दारूपासून दूर असलेला, पायऱ्यांवर काम केलेला. नातेवाईक नको, वरचा साहेब नको, आणि त्याच्याशी पैशांची देवघेव अजिबात नको. उसनवारीवरून तुटलेला स्पॉन्सर म्हणजे तुटलेली मीटिंग.

मीटिंगला जाताना पोट भरलेलं हवं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टी तलफ ओढून आणतात, आणि ड्यूटीनंतर यांतल्या निदान दोन हजर असतात. डब्यात एक जादा पोळी-भाजी, दोन केळी असं काही ठेवा. फुटाणे, चिवडा, खारे शेंगदाणे पहिले काही महिने नकोत. तो त्यांचा चखणा होता, आणि जिभेला ते आठवतं.

आता ग्रुपच्याही आधीची एक गोष्ट. ग्रुप हा औषधोपचार नाही. दादांचे ११ दिवस कोरडे गेलेत, म्हणजे दारू तुटण्याचा धोकादायक काळ मागे पडला. पण मध्येच घसरण झाली आणि आठ-दहा दिवस पुन्हा रोज पिणं झालं, तर "मीटिंगला नेतो, उद्यापासून बंद" असं घरी करू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं सुरू होतं. ६ ते ४८ तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत भास, भ्रम, ताप, कोणाला न ओळखणं, असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. आधी कधी फिट आली असेल तर धोका जास्त. अशा वेळी १०८ किंवा थेट रुग्णालय, मीटिंग नंतर. आणि तिथे "हे रोज पितात, जेवण नाही" हे आवर्जून सांगा, म्हणजे ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यायचं हे डॉक्टरांच्या लक्षात राहील. दिसायला साधी गोष्ट, पण ती चुकली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या चालू ठेवायच्या. ग्रुपमध्ये एखादा म्हणेल, "गोळ्या म्हणजे दुसरं व्यसनच, सोडून दे." तो प्रेमाने बोलत असेल, पण एएची स्वतःची भूमिका अशी आहे की सभासदाने डॉक्टर होऊ नये. वहिनींना मात्र एक गोष्ट निक्षून सांगा: डायसल्फिरामची गोळी किंवा "न सांगता दारू सोडवा" म्हणून विकली जाणारी कुठलीही पावडर जेवणात मिसळायची नाही. डायसल्फिराम पोटात असताना दारू गेली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो, आणि गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. ती गोळी पूर्ण कल्पना देऊन, संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

ग्रुपच्या नावावर चुकीचं काही चाललंय हे ओळखणं अवघड नाही. प्रवेश फी मागितली, आधार कार्डाची प्रत मागितली, औषध विकायला काढलं, "आमच्याच केंद्रात पुन्हा भरती करा" म्हणून घरच्यांना फोन सुरू झाले, तर तिथून निघा. रात्री चार माणसं पाठवून उचलून नेतो म्हणणाऱ्यांच्या नादी तर लागूच नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनातून येणाऱ्या मानसिक स्थितीही धरलेल्या आहेत. संमतीशिवाय भरती करायची तर त्याची ठरलेली पद्धत आहे, आणि ती पद्धत म्हणजे उचलून नेणं नव्हे.

वहिनींसाठी अल-अनॉन नावाचा वेगळा ग्रुप असतो, पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांचा, त्याच धर्तीवर, तोही मोफत. जवळ भरत नसेल तर ऑनलाइन. दादा गेले नाहीत तरी वहिनींनी जावं, कारण वर्षानुवर्षं खिसे तपासून, तोंडाचा वास घेऊन त्यांचंही आयुष्य दारूभोवतीच फिरत राहिलंय. दादा मीटिंगहून आले की "काय झालं? तू काय बोललास?" हे विचारू नका. जेवण गरम करून वाढा, एवढं पुरे. ग्रुपपर्यंत सोडायला पहिल्या एक-दोन वेळा कोणी गेलं तर हरकत नाही, पण आत बसायचं नाही आणि बाहेर पहाराही द्यायचा नाही.

आणि घसरण झालीच तर? दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला परत. नाव कापलं जात नाही, कोणी झापत नाही, दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते इतकंच. त्या दिवशी थोडी घेतलेली असली तरी शांत बसून ऐकता येतं. पिणं लपवून मीटिंगला जात राहणं हे घसरणीपेक्षा जास्त नुकसान करतं, म्हणून घरी त्या दिवशी आरडाओरडा झाला नाही तर बरं.

सणांचं आधीच ठरवा. पोळ्याची कर (पोळ्याचा दुसरा दिवस), लग्नाची वरात, ३१ डिसेंबर, यांतला कुठलाही दिवस अचानक येत नाही. त्या दिवशी कुठली मीटिंग आहे, कोणाला किती वाजता फोन करायचा, आणि घरातून नाही म्हणायचं तर कोणी म्हणायचं, हे आठ दिवस आधी बोलून ठेवा. सुट्टीमुळे नेहमीची जागा बंद असू शकते, म्हणून त्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा फोन.

या आठवड्यापुरतं सांगायचं तर: आज रात्री दादांकडून तो कागद लिहून घ्या. उद्या केंद्रातल्या समुपदेशकाला आणि एएला फोन करून अ‍ॅक्वा लाइनच्या आसपासच्या मीटिंगांचे वार-वेळा काढा. त्यातली सगळ्यात लवकरची निवडून दादांना स्वतः बोलू द्या. पाळी कोणती ते इथे लिहा, म्हणजे आठवड्याचं वेळापत्रक बसवायला मदत करता येईल.